क्लेमच्या वाटचा चुना

ज्या वर्षी सेसिलच्या मुलीचं, गिलियनचं, लग्न आमच्या चर्चमध्ये लागू शकलं नाही, ते एकोणीसशे चौऱ्याऐंशी साल. सप्टेंबरचा चौथा शनिवार. यांडलांच्या घरातलं पत्र्याच्या छपराखाली लागलेलं ते पहिलं लग्न.

ऑल्डरकम गावचं चर्च यांडलांनी बांधलं नव्हतं. ते सहाशे वर्षांपूर्वी कुणी बांधलं ते कुणालाच ठाऊक नाही. पण पाच पिढ्या या गवंड्यांच्या घराने ते पडू दिलं नव्हतं. त्याचा दगड मधाच्या रंगाचा आणि मऊ. थापीच्या टोकाने ओरखडा उठेल इतका मऊ. आता त्याच चर्चच्या मनोऱ्याभोवती तारेचं कुंपण होतं, दाराला साखळी होती आणि 'दगड पडतात, आत येऊ नये' अशी पाटी होती. ती पाटी ठोकणारा चर्चचा विश्वस्त म्हणजे सेसिल यांडल. नवरीचा बाप.

म्हणून वरात दोन मैलांवरच्या, मेथॉडिस्ट या वेगळ्या पंथाच्या, पत्र्याच्या प्रार्थनाघरात गेली. सेसिलचा पंचाऐंशी वर्षांचा बाप, अँब्रोज यांडल, मोटारीतून उतरला, काठीवर रेलला आणि छपराकडे बघत म्हणाला, "पाऊस आला तर इथला पाद्री काय बोलतो ते देवालासुद्धा ऐकू जात नसेल."

"बाबा, हळू बोला," ऑलिव्ह म्हणाली.

"हळूच बोलतोय. पत्रा मोठ्याने वाजतो."

ऑलिव्हने त्याचा कोट झटकला. ती एकोणसाठ वर्षांची होती. आई गेल्यापासून, म्हणजे तेहेतीस वर्षं, ती हा कोट झटकत होती.

दारात प्रार्थनेची पुस्तकं वाटायला एक टक्कल पडलेला, जाड भिंगांचा माणूस उभा होता. त्याने अँब्रोजच्या हातात पुस्तक दिलं. अँब्रोजने त्याच्याकडे न बघता घेतलं. मग तो माणूस ऑलिव्हकडे वळला.

"या, मिस यांडल. तुमची जागा पुढे आहे."

"मला इथल्या जागा ठाऊक नाहीत, मिस्टर टपर. मी इथे कधी आलेच नाही."

"हो," एडविन टपर म्हणाला. "ते खरं."

एवढंच बोलणं झालं. पंचावन्न सालच्या वसंतात हाच एडविन टपर, गाडीची चाकं बनवणारा, नवा शर्ट घालून यांडलांच्या स्वयंपाकघरात उभा राहिला होता आणि त्याने ऑलिव्हला मागणी घातली होती. अँब्रोजने त्याला बसायलाही सांगितलं नव्हतं. "माझी मुलगी पत्र्याखाली लग्न करणार नाही," असं म्हणून तो पुन्हा जेवायला लागला होता. ऑलिव्ह तेव्हा बशी पुसत होती. ती पुसतच राहिली.

आता ती पुढच्या बाकावर बसली. तिची भाची त्याच पत्र्याखाली उभी होती, आणि म्हातारा मान डोलावत होता.

लग्न लागल्यावर नोंदवहीत सही करायला साक्षीदार म्हणून आजोबांना बोलावलं. अँब्रोजने काठी भिंतीला टेकवली, टाक घेतला आणि सरळ, एकसारख्या अक्षरांत नाव लिहिलं.

"पंचाऐंशीव्या वर्षी काय हात आहे हो!" कारकून म्हणाला.

"थडग्यांवर अक्षरं कोरणाऱ्याचा हात आहे. थरथरेल तो मरताना."

सगळे हसले. ऑलिव्ह हसली नाही. मागच्या रांगेतल्या एका माणसानेही ते बोलणं ऐकलं. तो उशिरा येऊन खांबाआड बसला होता, आणि अजून त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

*

जेवण जुन्या रेक्टरीच्या बागेत होतं. रेक्टरी म्हणजे पूर्वीच्या पाद्रीसाहेबांचं घर. अकरा खोल्या, सहा धुराडी आणि मागे बग्गीखाना. एकाहत्तर साली चर्चने ते विकून टाकलं आणि नव्या पाद्र्याला गावाबाहेर एक विटांचा बंगला दिला. रेक्टरी लंडनच्या फेन दांपत्याने घेतली. ती माणसं वाईट नव्हती. लग्नासाठी बाग त्यांनी आपण होऊन दिली, आणि दिल्याचं दर अर्ध्या तासाने सांगितलं.

सेसिल पाहुण्यांना पेले देत फिरत होता. त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात एक जाड पाकीट होतं. चर्चच्या वास्तुतज्ज्ञाचा अहवाल. बारा दिवसांनी बिशपच्या समितीची बैठक होती. मनोरा वाचवायचा की उतरवायचा हे त्या बैठकीत ठरायचं होतं, आणि दुरुस्तीचं काम कुणाला द्यायचं तेही. गावात गवंडी एकच होता. त्याच्या गाडीवर अजून 'ए. यांडल आणि मुलगे' असं लिहिलेलं होतं, जरी मुलगे म्हणायला एकटा सेसिल उरला होता.

तो एका टेबलाशी वळला आणि थबकला. फाटकापाशी टोपी हातात धरून एक उंच, वाळलेला माणूस उभा होता, आणि पांढऱ्या झग्यातली गिलियन त्याच्या गळ्यात पडत होती.

सेसिलने मुलीला बाजूला ओढलं. "त्याला कोणी बोलावलं?"

"मी."

"का?"

"माझ्या लग्नाला माझा काका हवा होता म्हणून."

"एकवीस वर्षं ज्याचं तोंड पाहिलं नाही तो काका?"

"मी पाहिलंय. तीनदा. त्यांच्या घरी जाऊन चहा प्यायलेय." गिलियनने झग्याचा घोळ सावरला. "बाबा, समितीला द्यायचं ते निवेदन तुम्ही मला टाइप करायला दिलंत. 'सदर सिमेंटकाम क्लेमंट यांडल याने वडिलांच्या सल्ल्याविरुद्ध केले.' माझ्या हातांनी टाइप केलं मी ते. मग त्यांना कळवायला नको?"

"तू त्याला कळवलंस?"

"प्रत पाठवली."

"गिलियन, ते चर्चचे कागद आहेत!"

"मग चर्चमध्ये ठेवा ना. ते तर बंद आहे."

सेसिलला लहानपणापासून वाद जमत नव्हता. तो भावाकडे गेला आणि त्याने हात पुढे केला. क्लेमने तो धरला. हात हलका लागला, वाळलेल्या लाकडासारखा.

"बारीक झालास," सेसिल म्हणाला.

"तू माझ्या वाटचंही खाल्लंस वाटतं."

"आयव्ही वहिनी गेल्याचं कळलं. वाईट झालं."

"फुलं पोचली. ऑलिव्हने पाठवली होती. चिठ्ठीवर तुम्हा तिघांची नावं होती, अक्षर एकीचं होतं." क्लेम खोकला. खोकला बराच वेळ चालला, आणि त्याने रुमाल चटकन मुठीत मिटला. "मला बाबांशी बोलायचंय, सेसिल. दहा मिनिटं."

"आज नको."

"आजच. मी नाचायला आलेलो नाही."

*

मिसेस फेननी मध्येच क्लेमला गाठलं. घराण्याचा हरवलेला मुलगा आलाय एवढं त्यांच्या कानावर गेलं होतं.

"तुम्हाला आमचा तलाव दाखवते," त्या म्हणाल्या. "आम्ही आलो तेव्हा नुसता कचऱ्याने भरलेला होता. जुन्या पाद्र्यांचं मासे ठेवायचं टाकं असणार, नाही का? शुक्रवारच्या उपासाला."

बग्गीखान्यामागे, भिंतीच्या सावलीत, आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद, विटांनी बांधलेला खड्डा होता. त्यात कमळाची पानं होती आणि खाली तांबडे मासे फिरत होते.

"किती आहेत?" क्लेमने विचारलं.

"अकरा. दोन बगळ्याने नेले."

क्लेम काठावर बसला आणि त्याने पाण्यात हात घातला. विटेच्या कडेला, पाण्याच्या रेषेखाली, बोटांना जे शोधायचं होतं ते सापडलं. कोरलेले आकडे. १९२३.

यांडलांच्या घरात मुलगा झाला की पाळण्याआधी खड्डा खणत. बाप भट्टीवरून चुनकळी आणी आणि ती पाण्यात विरवी. दोन दिवस ती उकळत राही. शेजारपाजारची माणसं बाळाच्या आधी ती बघायला येत. मग त्या लोण्यासारख्या चुन्यावर वाळू, वर वीतभर पाणी, वर फळ्या. खड्ड्याला पोराच्या जन्माचं साल. पोरगा वाढे, चुना खाली मुरत राही. पोरगा मुख्य गवंडी म्हणून चर्चचं पहिलं मोठं काम हाती घेई, त्या दिवशी त्याचा खड्डा उघडत. पाद्रीसाहेबांनी बग्गीखान्यामागची जागा त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या दिलेली होती. अँब्रोजचा खड्डा चोवीस साली उघडला तेव्हा चुना सुरीने कापता येत होता, असं तो सांगे. त्या चुन्याने भरलेल्या दरजा, दगडादगडांमधले सांधे, अजून चर्चच्या देवडीत तशाच आहेत.

पाणी मात्र आटू द्यायचं नाही. आटलं की चुना दगड होऊन बसतो आणि कामातून जातो.

मुलगी झाली तर खड्डा नसे. तो ओला ठेवायचं काम मुलीकडे असे.

"सुंदर आहे, नाही?" मिसेस फेन म्हणाल्या.

"माझा आहे," क्लेम म्हणाला.

त्या हसल्या. त्यांना ती गंमत वाटली.

*

सेसिलने शेवटी घरच्या तिघांना बग्गीखान्यात नेलं, कारण पाहुण्यांसमोर काही होऊ नये. आत फेनांची निळी मोटार उभी होती. अँब्रोजला बागेतली खुर्ची आणून दिली. ऑलिव्ह त्याच्या मागे उभी राहिली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. दार ओढून घेतलं तरी बाहेरचं संगीत आत येत होतं.

अँब्रोजने मोठ्या मुलाकडे पाहिलं.

"जेवलास का?" त्याने विचारलं.

"नाही."

"डुकराचं मांस बरं आहे. केक कोरडा आहे."

"बाबा, मी हे आणलंय." क्लेमने खिशातून घडी केलेला कागद काढला. "सेसिलने समितीला काय लिहिलंय ते मी वाचलं. त्यातली एक ओळ बदलायची. मी लिहून आणलीय, तुम्ही फक्त सही करा. 'अठ्ठावन्न साली मनोऱ्याच्या दरजा सिमेंटने माझ्या सांगण्यावरून भरल्या. मुलाने नको म्हटले होते.' बस. दुसरं काही नको मला."

"सांगण्यावरून?" सेसिल म्हणाला. "क्लेम, सैन्यात विमानतळांचं सिमेंट तू ओतलंस. सिमेंटचं कौतुक तुला होतं. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"गावाला जे सांगितलं ते गावाला ठाऊक आहे. बाबा, सांगा याला."

अँब्रोज काठीची मूठ चोळत राहिला.

"मी सांगतो मग. एप्रिल महिना. मनोऱ्याला परांची बांधून झाली होती. माझं पहिलं काम. आईने माझ्या जन्माच्या वेळी शिवलेला तो पांढरा एप्रनही मी काढून ठेवला होता. खड्डा उघडायला तुम्ही मला येऊ दिलं नाही. एकटे गेलात. परत आलात आणि म्हणालात, 'लढाईच्या काळात तुझा चुना नासला. बिशप सप्टेंबरात येतोय, नवा चुना मुरवायला वेळ नाही. सिमेंट आण.' मी म्हटलं, हा दगड मऊ आहे, सिमेंट त्याला श्वास घेऊ देणार नाही. आत गेलेलं पाणी बाहेर पडणार नाही. तुम्ही म्हणालात, 'पाद्रीसाहेबांसमोर माझी मान खाली घालायला लावू नकोस.' मी एक शब्द बोललो नाही. नव्वद फूट मनोरा मी सिमेंटने भरला. दर दगडाची मी मनात माफी मागत होतो, बाबा, हसू नका."

"मी हसत नाही."

"मग बासष्ट-त्रेसष्टचा हिवाळा आला. दहा आठवडे बर्फ. मार्चमध्ये दगडांचे चेहरे गळून खाली पडले. सिमेंटच्या रेघा तेवढ्या उभ्या, सापळ्यासारख्या, आणि मधला दगड गेलेला. पाद्रीसाहेबांनी सभेत विचारलं, हे कुणी केलं? मी तुमच्या शेजारी बसलो होतो. तुम्ही उठून उभे राहिलात आणि म्हणालात, 'माझ्या मोठ्याने. लढाईत शिकून आला.' "

बाहेर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

सेसिल वडिलांकडे बघत होता. हे सगळं खोटं आहे असं म्हातारा म्हणेल म्हणून तो वाट बघत होता. तो सभेत होता. तेव्हा चौतीस वर्षांचा होता, आणि भावावर त्याला इतका राग आला होता की भाऊ गाव सोडून स्टेशनवर गेला तेव्हा तो विटा उतरवत राहिला.

"बाबा?" सेसिल म्हणाला.

"झालं ते झालं."

"म्हणजे खरं आहे?"

"सही मागू नकोस, क्लेम. धंद्यावर माझं नाव आहे. समिती म्हणेल, बापानेच नासवलं, मग त्याच घराला काम कशाला द्यायचं? सेसिलच्या पोटावर पाय येईल."

"आणि माझं नाव? ते कुणाच्या गाडीवर नाही म्हणून चालतं?" क्लेमला पुन्हा खोकला आला. मोटारीच्या टपाला धरून तो उभा राहिला. "मी रस्त्यांवर सिमेंट ओतलं एकवीस वर्षं. दुसरं काम दिलं नाही कुणी. चर्चचं काम मागायला गेलो की विचारायचे, ऑल्डरकमचा यांडल का तू? तोच ना? मला एवढंच सांगा, का? चुना लढाईत नासला यात तुमचा काय दोष होता? पाद्रीसाहेबांना सांगायचं होतंत की, नासला. कोण फाशी देणार होतं तुम्हाला?"

अँब्रोजने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"लढाईत नासला नाही," ऑलिव्ह म्हणाली.

"ऑलिव्ह, बाहेर जा," अँब्रोज मागे न बघता म्हणाला. "केक कापतील आता."

"केक कोरडा आहे." तिने खुर्चीच्या पाठीवरचा हात काढला. "पंचावन्न साली नासला, क्लेम. उन्हाळ्यात. आठवतंय, जूनपासून पाऊस नव्हता? दर शनिवारी खड्ड्यांवर बारा बादल्या पाणी घालायचं माझं काम होतं. तुझ्या खड्ड्यावर सहा, सेसिलच्या सहा. मी आठ वर्षांची असल्यापासून. एडविन टपरला बाबांनी दारातून परत पाठवला, त्या आठवड्यापासून मी दोन्हींवर पाणी घातलं नाही."

सेसिल म्हणाला, "विसरलीस?"

"विसरले नाही. दर शनिवारी बादली घेऊन इथे यायची. फळी उचलून बघायची, किती खाली गेलंय. आणि रिकामी बादली घेऊन घरी जायची. ऑगस्टात वाळूला भेगा पडल्या. सप्टेंबरात खाली काठी मारली तर टणकन आवाज आला. मला इतकं बरं वाटलं त्या आवाजाने."

सेसिल मोटारीच्या बंपरवर बसला.

"मला वाटलं होतं, खड्डा उघडतील तेव्हा विचारतील," ऑलिव्ह म्हणाली. "विचारलं की सांगायचं, असं ठरवलं होतं मी. तीन वर्षं वाट पाहिली. बाबा त्या दिवशी खड्ड्यावरून घरी आले, हात धुतले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, 'चहा टाक.' "

"तुम्हाला ठाऊक होतं?" क्लेमने वडिलांना विचारलं.

"वाळू कोरडी होती," अँब्रोज म्हणाला. "फळ्या जागच्या जागी. लढाईपासून पडून राहिलेला चुना मी पाहिलाय, तो शेवाळून हिरवा होतो. हा पांढरा होता. पाणी कुणाच्या हाताखाली होतं ते मला कुणी सांगायला नको होतं."

"आणि तुम्ही मला पुढे केलंत."

"मग कुणाला करू? सभेत उठून सांगू, की माझ्या मुलीने रुसून पाच पिढ्यांचं काम बुडवलं? कशासाठी रुसली तेही सांगू? गावाने तिला जगू दिलं असतं का? तू पुरुष होतास. तुझ्या हातात काम होतं. तुला जाता येत होतं, क्लेम. ती कुठे गेली असती?"

त्याने हे सगळं एका दमात सांगितलं, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा अभिमान आला. एवढी वर्षं हे त्याने एकट्याने वाहिलं होतं.

ऑलिव्ह खुर्चीला वळसा घालून त्याच्या समोर आली.

"मला जायचंच होतं, बाबा," ती म्हणाली. "त्यासाठीच तर केलं. तुम्ही मला हाकलाल म्हणून. दोन मैल, त्या पत्र्याखाली. तुम्ही त्याला हाकललंत."

म्हाताऱ्याने मान फिरवली आणि मोटारीकडे पाहिलं, ती कुठल्या कंपनीची आहे ते ओळखायचा प्रयत्न केल्यासारखं.

क्लेमने टोपी घातली. ऑलिव्हला वाटलं, तो काहीतरी बोलेल. शिव्या देईल. तिने त्याच्या बाहीला हात लावला.

"क्लेम."

"एकवीस नाताळ तू मला कार्ड पाठवलीस," तो म्हणाला. "दर कार्डावर चर्चचं चित्र. मला वाटायचं, घरात एक तरी माणूस आपल्या बाजूचं आहे. आयव्ही ती कपाटावर लावायची." त्याने बाही हळूच सोडवून घेतली. "बर्फातलं चित्र होतं एकदा. छान होतं."

मग त्याने कागद खुर्चीजवळच्या मोटारीच्या बॉनेटवर पसरला, खिशातलं पेन वडिलांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "हिचं नाव नाही यात. हिचं घालायचंही नाही. तुम्ही सांगितलंत आणि मी नको म्हटलं, एवढंच. सही करा."

अँब्रोजने पेन घेतलं. कागदावर टेकवलं. सगळ्यांनी ते टेकवलेलं पाहिलं. मग त्याचा हात थरथरू लागला.

"हात चालत नाही," तो म्हणाला. "वय झालं."

"सकाळी चालला होता," क्लेम म्हणाला. "मी मागे बसलो होतो."

त्याने पेन परत घेतलं नाही. कागदही तिथेच ठेवला. बागेतून जाताना त्याने गिलियनच्या कपाळावर ओठ टेकवले आणि जावयाला सांगितलं की हिला सांभाळ, हिच्यात यांडलांचं काही आलेलं दिसत नाही. संध्याकाळच्या बसने तो स्विंडनला, आपल्या घरी, परत गेला.

*

बैठक ऑक्टोबरात झाली. सेसिलचं निवेदन होतं तसंच वाचलं गेलं. सही मिळाली की बदलू, असं तो ऑलिव्हला म्हणाला, आणि बोलताना त्याला दाराची कडी न्याहाळावी लागली. समितीने मनोरा अर्ध्यावर उतरवायचं ठरवलं. काम बाहेरच्या लोकांना गेलं. वास्तुतज्ज्ञाने वर चढून एक गोष्ट कळवली: सिमेंट अतिशय नीट भरलं होतं. इतकं नीट, की काढताना दगडच निघत होता.

ऑलिव्हने तो कागद घरी आणला होता. दर रविवारी चहा झाला की ती टेबल पुसायची, कागद पसरायची, शेजारी क्लेमचं पेन ठेवायची आणि भांडी घासायला जायची. परत आली की कागद तसाच असायचा.

"आज नाही जमत," अँब्रोज म्हणायचा.

"बरं."

"थंडीने बोटं आखडतात."

"बरं."

पूर्वी ती त्याचा कोट झटकायची, आता झटकत नसे. तेवढाच फरक घरात पडला. खड्ड्यांची बादली अजून मागच्या दारात होती. ती त्यात कोळसे ठेवायची.

नाताळला तिने कार्ड घेतलं, पत्ता लिहिला आणि टाकलं नाही. फेब्रुवारीत गिलियन येऊन सांगून गेली, की काकांची फुप्फुसं गेलीत, डॉक्टर आता आठवडे मोजतायत, महिने नाही. तिने आजोबांसमोरच सांगितलं, मुद्दाम मोठ्याने. अँब्रोज म्हणाला, "दगडाच्या कामात होतंच ते." गिलियन म्हणाली, "सिमेंटच्या, आजोबा." त्या रविवारी ऑलिव्हने कागद पसरला तेव्हा पेन त्याच्या हातात दिलं. त्याने ते कागदाशेजारी सरळ रेषेत ठेवलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, बुधवारी, दुपारच्या जेवणानंतर, त्याने स्वतःहून हाक मारली.

"ऑलिव्ह, तो कागद आण."

तिने आणला. त्याने चष्मा पुसला, कागद गुडघ्यावर न घेता टेबलावर नीट सरकवला, आणि सही केली. अँब्रोज यांडल. एकेक अक्षर थडग्यावर कोरल्यासारखं सरळ.

"घे," तो म्हणाला. "सेसिलला दे. आता कुणाला बरं-वाईट वाटायचं राहिलं नाही."

ऑलिव्हने शाई वाळू दिली.

"तारीख राहिली," ती म्हणाली.

"सप्टेंबरची घाल. लग्नाच्या दिवसाची."

तिने त्याच्या हातातून पेन काढून घेतलं आणि सहीखाली लिहिलं, सहा मार्च एकोणीसशे पंच्याऐंशी.

क्लेमंट यांडल तीन मार्चला, रविवारी सकाळी, स्विंडनला वारला होता. गिलियनने ते सोमवारीच येऊन सांगितलं होतं. वय एकसष्ट.